ठासलेली बंदूक

मयुरा: गज नळीत पुरा जातच नाही, बाबा. हे पाहा, इथं अडला.

बाबाराव: गंज असंन. आपल्या मूळपुरुषाची, सुभानजीची बंदूक आहे ते, दोनशे वर्षांची. ठेव खाली अन् कपडा दे.

मयुरा: गंज नाही, आत शिसं आहे. अशा ठासणीच्या बंदुका मी संग्रहालयात रोज हाताळते. गज आत घालायचा, तोंडाशी बोट धरायचं, मग तोच बाहेरून नळीला लावायचा. बुडापर्यंत पोचायला वीतभर कमी पडतो.

बाबाराव: मंग? भरलेली असंन. लढाईतून आणली ना.

मयुरा: एक बार म्हणजे चार बोटं. खाली दारू, वर गोळी, वर चिंधी. इथं वीतभर आहे. एकावर एक तीन बार.

बाबाराव: तीन गोळ्या एकदम टाकल्या असतीन. वाघ होता तो. सीताबर्डीच्या टेकडीवर गोरे पाडले त्यानं.

मयुरा: तीन बार एकदम उडवले असते तर नळी त्याच्याच तोंडावर फुटली असती. तो भरत होता, खांद्याला लावत होता अन् उडवत नव्हता. पुन्हा भरत होता. सगळीकडे धूर अन् आवाज. कोणाची उडाली, कोणाची नाही, बाजूच्याला काय कळणार?

बाबाराव: रंजक नुसती उडाली असंन. बंदुकीच्या कानातली चिमूटभर दारू भुर्रकन जळते, आतला बार पेटत नाई. होते असं.

मयुरा: एकदा होतं. खांद्याला धक्का बसलाच नाही, हे तिन्ही वेळा त्याला कळलं नसेल?

बाबाराव: तू हे काहून सांगून राहिली मले? उद्या दसरा आहे वं.

मयुरा: म्हणूनच. उद्या सगळ्या पावण्यांदेखत आयुषला हिच्यापुढं नाक घासायला लावू नका.

बाबाराव: फौजेच्या ट्रेनिंगातून पळून आला तुया भाऊ. माणसाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर गोळी चालवता नाई आली त्याले. पुठ्ठ्यावर! सुभानजीच्या घरात असा निपजला.

मयुरा: ते तुम्ही फॅमिली ग्रुपवरही टाकलं. पोळ्यापासून त्याला टेबलाशी बसू देत नाही, जिन्यात ताट घेऊन जेवतो तो. सुभानजीलाही माणूस मारता आला नाही, बाबा. मला तर त्याच्याबद्दल पहिल्यांदा माया वाटली.

(बाबाराव गज घेऊन स्वतः नळीत घालतात. अडतो. काढून पुन्हा घालतात.)

बाबाराव: आणखी कोणाले माहीत आहे?

मयुरा: आयुषला. त्यानंच आधी पाहिलं. दर रविवारी शिक्षा म्हणून तुम्ही त्यालाच बंदूक पुसायला लावता ना.

बाबाराव: काय म्हणाला?

मयुरा: बाबांना सांगू नको, म्हणाला. त्यांना सोसणार नाही. मी घासतो नाक, माझं काय जाते.

बाबाराव: असं म्हणाला?

मयुरा: रडत होता.

बाबाराव: म्हणजे कोणाले सांगितलं नाई त्यानं.

मयुरा: नाही.

बाबाराव: मंग उद्याही नाई सांगणार. जा, बंदुकीच्या पूजेचा पाट पुसून ठेव. लोकं सकाळीच येतीन.