बर्फाखालचं हिरवं पाणी

उलूरिआक : पोरा, ते स्लेजचे दोर नंतर आवळ. आधी इकडे ये, या भोकात बघ.

पीतालुसी : आई, उशीर होतोय गं. खाडी ओलांडायला अख्खा दिवस जाईल. लेकीला पलीकडे मुलगा झालाय आणि आजोबा अजून इथंच.

उलूरिआक : ये म्हटलं ना. आणि पाहुण्यांसमोर मला आई म्हणू नकोस. ओटावाहून पाणी तपासायला आलेली ती बाई काल विचारत होती, तुला एवढा टकलू मुलगा कसा?

पीतालुसी : सांगायचंस की. भाची आहेस, पण माझ्या गेलेल्या आईचं नाव तुला दिलंय, म्हणजे तीच परत आली, आईच. यात न कळण्यासारखं काय आहे?

उलूरिआक : सांगितलं. तर म्हणाली, मग ऐकतो का तो तुझं?

पीतालुसी : कुठला मुलगा ऐकतो? बरं, दाखव.

उलूरिआक : हा आत्ता काढलेला बर्फाचा दांडा. खालचं टोक बघ.

पीतालुसी : तपकिरी. ते असतंच वसंतात. आधीच्या जन्मातली तू म्हणायचीस, सीलचं जेवण इथून सुरू होतं.

उलूरिआक : आता पाणी बघ. नीट, वाकून.

पीतालुसी : हिरवं आहे.

उलूरिआक : हं.

पीतालुसी : बर्फाखाली काळं असतं पाणी. जन्मभर भोकं पाडतोय मी, काळंच बघितलंय. बर्फ वाहून गेला की मग हिरवं होतं.

उलूरिआक : डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती आहेत या. काल त्या बाईच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मण्यांच्या माळांसारख्या, एकीला एक चिकटलेल्या. ओंजळभर पाण्यात आपल्या गावातल्या माणसांहून जास्त.

पीतालुसी : आणि मासे, सील, व्हेल, सगळे यांच्या जिवावर?

उलूरिआक : आपणही.

पीतालुसी : खाली एवढं चाललंय आणि मी वर बसून दोर आवळतोय. बर्फ जायच्या आधीच समुद्र जागा झालाय.

उलूरिआक : त्या वनस्पतींना उजेड लागतो, पोरा. एवढा उजेड खाली कुठून गेला?

पीतालुसी : बर्फातून.

उलूरिआक : यंदा वर हिमाचं पांघरूण साठलंच नाही. बर्फही पातळ. इथं ही गत, तर मध्ये, प्रवाहावर काय उरलं असेल?

पीतालुसी : सामान कमी करतो.

उलूरिआक : नाही जायचं.

पीतालुसी : आई, त्या बाळाला बाबांचं नाव दिलंय. बाबा परत आलेत गं. मी लहान होतो, याच खाडीवर पाठमोरे जाताना बघितलं त्यांना. मध्यावर बर्फ फुटला, स्लेजसकट गेले.

उलूरिआक : तेव्हा तुझी आई कुठं होती?

पीतालुसी : झोपली होती. निघताना तिला उठवलं नाही त्यांनी.

उलूरिआक : आज ती जागी आहे. दोर सोड.

पीतालुसी : सोडतो. तो रेडिओ दे इकडे.

उलूरिआक : लेकीला काय सांगणार?

पीतालुसी : तिला नाही, बाळाला. तिला म्हणतो, रेडिओ त्याच्या कानाशी धर. मग सांगतो, बाबा, मी निघालो होतो, पण आईनं जाऊ दिलं नाही.