आधी कोण आलं?

मी शूशनच्या राजवाड्यात लेकाला भाकर द्यायला गेले होते. माझा अजर्या दारावर बसतो आणि देवाशिवाय कुणापुढं वाकत नाही. माझंच दूध प्यायलाय! अंगणात बगदात आणि आर्तबान या दोन सरदारांची, महाराजांकडं आधी कोण जाणार यावरून जुंपली होती.

“बगदातराव, मागं व्हा. मी आधी आलोय.”

“कोंबडा आरवला तेव्हा मी इथंच होतो!”

“मी आलो तेव्हा कोंबडा झोपला होता.”

“काल मेजवानीत महाराज माझ्याकडं बघून हसले.”

“तुमच्या दाढीत डाळिंबाचे दाणे अडकले होते, सरदार.”

तेवढ्यात महाराजांच्या दालनातून द्वारपाल बाहेर आला. “मानाचं काम आहे. आधी कोण आलं?”

“मी!”

“मी!”

“दारावरच्या अजर्यानं महाराजांचा जीव वाचवलाय. त्याला शाही घोड्यावर बसवून, लगाम धरून, जयजयकार करत गावभर फिरवायचंय.”

“आर्तबानराव, आधी तुम्हीच आलात की!”

“छे! महाराज तुमच्याकडं बघून हसले ना?”

“भांडू नका,” द्वारपाल म्हणाला. “एकानं डावीकडून धरा, एकानं उजवीकडून.”

मी म्हटलं, “सरदार, घोडा जरा हळू चालवा हो. पोरगं अजून जेवलेलं नाही.”