राळेचा धूर

मी गप्प बसते म्हणून मला चिडवता ना? मग परवाचं ऐका.

आमच्या नांदेडच्या हौशी वाद्यवृंदाचा हंगामातला शेवटचा मोफत कार्यक्रम होता. लातूरच्या सरोजताई व्हायोलिन वाजवणार होत्या. त्यांच्या गजाला नवे केस बसवलेले. राळ घासल्याशिवाय तो आवाजच काढणार नव्हता. राळेचा खडा त्यांनी मला सांभाळायला दिला. खुर्च्या लावायला जाताना मी तो समईजवळ पूजेच्या तबकात ठेवला.

परत आले तर आयोजक काकू तो फोडून तुकडा तुकडा धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर टाकत होत्या.

"लई झकास धूप हाय! काय गं, अशी काय बघून राहिलीस?"

"काही नाही," मी म्हणाले.

सभागृह भरलं. ताई मंचावर बसल्या. "वास ओळखीचा वाटतोय," म्हणत त्यांनी माझ्यापुढे हात केला. "दे माझी राळ."

मी माझ्या व्हायोलिनच्या पेटीतला राळेचा झिजलेला तुकडा दिला.

"ही माझी नाही."

"तुमची जळून राहिली, ताई."

समोरच्या माईकमधून ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. ताईंनी हसत माझाच तुकडा गजावर घासला. धुपाटणं हातात धरून काकू विंगेतून ओरडल्या, "अगं, मघाशीच बोलली असतीस तर निम्मी तरी वाचली असती!"