रशियातल्या बाबांचं काय झालं

मला वाटलं होतं, घाटकोपरचं आमचं मंडळ प्रश्न विचारून मला भंडावून सोडेल. मिळाला फक्त नारळ!

मी भाषाशास्त्र शिकून नुकतीच परदेशातून परतले होते. व्याख्यानाला एकच शब्द निवडला, 'बाबा'. आपल्याकडे वडील, रशियनमध्ये बाई, जपानीत म्हातारी आणि आफ्रिकेतल्या स्वाहिलीत पुन्हा वडील. महिनाभर टिपणं काढली होती.

अध्यक्ष सावंतकाका 'दोन शब्द' बोलायला उठले आणि पाऊण तास स्वतःच्या परदेशवारीबद्दल बोलले. परदेश म्हणजे नेपाळ. मग पाहुण्यांचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. शेवटी मला म्हणाले, "सुलू, पाच मिनिटांत आटप गं. मागे वडे गार होतायत."

मी "रशियात..." एवढंच म्हटलं आणि पहिली रांग वड्यांकडे निघाली. चिटणिसांनी माईक ओढून घरून लिहून आणलेले आभार वाचले, "सुलभाताईंनी दीड तास आम्हांला मंत्रमुग्ध केलं!" लोकांनी तोंडात वडा धरून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध केंद्राच्या रांगेत शेजारच्या तमिळ मामींनी विचारलं, "रशियात पुढे काय गं? काल राहिलंच ना ते."

हातात रिकाम्या बाटल्या घेऊन मी तिथेच सगळं सांगितलं. पुढच्या-मागच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. तेव्हाच ठरवलं, यापुढे आपली व्याख्यानं इथेच. दुधाच्या रांगेला अध्यक्ष नसतो, आणि नंबर लागेपर्यंत कुणी जागचं हलत नाही.