साडेतीन तासांची अमेरिका

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आयुष्मान धम्मपालजी, महिला मंडळाच्या आयुष्मती प्रितीताई, सत्कारमूर्ती मीरावहिनी, पहिल्या रांगेत तोंड पाडून बसलेले त्यांचे मालक आणि माझे बालमित्र बाबुराव, आणि लालबागच्या या चाळीतल्या तमाम रहिवाशांनो, जय भीम.

उद्या वहिनी अमेरिकेला निघाल्या. लेकीचं, सीमाचं, पहिलं बाळंतपण आहे. पण बाबुरावानं अट घातली होती, ‘राजापूरपेक्षा लांब हिला एकटी सोडणार नाही!’ राजापूर म्हणजे आमचं गाव, एस्टीनं दहा तास. वहिनी चार दिवस जेवल्या नाहीत. शेवटी अमेरिका किती लांब ते काढायला तिकीट माझ्याकडे आलं. का येणार नाही? गेली बावीस वर्षं मी चाळीचा चिटणीस, हिशेबात माझा हात कोण धरणार?

तिकिटावर मुंबई सोडणार दुपारी चार, सॅन फ्रान्सिस्को गाठणार त्याच दिवशी संध्याकाळी साडेसात. मी वजाबाकी केली. साडेतीन तास! ‘अरे बाबुराव, अमेरिका चिपळूणच्या अलीकडे आहे!’ असं मी छातीठोक सांगितलं आणि त्यानं होकार दिला.

मंडळी, आज दुपारी माझी नात रुचा पोट धरून हसली. म्हणाली, ‘आजोबा, साडेसात तिकडच्या घड्याळात. अंतर साडेतेरा हजार किलोमीटर आणि प्रवास सोळा तासांचा.’ झाली ना माझी शोभा! गप्प बसलो असतो, खोटं कशाला बोलू? पण उद्या साडेसातला हा बाबुराव फोन हातात घेऊन बसेल. फोन येणार परवा सकाळी. तोवर याचा जीव राहील का?

काय म्हणता वहिनी? तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं? ऐका! म्हणतात, ‘भाऊजी, आयुष्यात पहिल्यांदा तुमची चूक कुणाच्या उपयोगी पडत होती, मी कशाला मोडू?’ वाजवा, वाजवा टाळ्या.

बाबुराव, तू का उभा राहिलास? बस रे. रागावू नकोस, तिला जाऊ दे. काय? मोठ्यानं बोल.

तो विचारतोय, ‘यायला किती?’

आता सगळंच सांगतो. परतीचीही वजाबाकी मी केली होती. तिकडून शनिवारी रात्री नऊ, इथे सोमवारी पहाटे दीड. साडेअठ्ठावीस तास! मला वाटलं, येताना समोरून वारा असेल. तुला सांगायची हिंमतच झाली नाही. लेका, येतानाही सोळाच. साडेबारा तास लवकर येतेय ती.

बघा, बसला. हसला पण.

प्रितीताईंच्या मंडळाचे, हाराचे, चहाचे आभार. बोलण्यात आणि वजाबाकीत जे उणंअधिक झालं ते पोटात घाला.

हो रे बाबा, सोळाच. रुचाकडून दोनदा तपासून घेतलंय.