जावयाची खांड

चांगदेव : म्हंजे शेत खाडीला सोडून द्यायचं. असंच ना?

कमळ : चांगदेवमामा, सोडायचं राहिलंय कुठे? बाबांचे दिवस झाले. आता आईला मी पेणला नेते. माझी शाळा सुरू व्हायला आली.

सोनूबाई : मी न्हाय येत, म्हनून कवाच सांगितलंय हिला. पोरींना शिकवते, पन स्वतः आयकायला शिकली न्हाय.

कमळ : आई, इथे राहून खाशील काय? मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी आपल्या शेतासमोर बांध फुटला. तेव्हापासून दर उधाणाला खारं पाणी आत येतं. भाताचं एक पातं उगवलेलं नाही.

चांगदेव : त्या वर्सी लोकं समुद्रावर मीठ कराया गेली, आनि समुद्र हितं येऊन तुमच्या शेतात मीठ करून गेला. मी असं म्हनलो, तवा तुझा बापूस हसला हुता.

कमळ : ते कशावरही हसायचे. समोरच्याला अवघडू नये म्हणून.

चांगदेव : खरं हाय. पाव्हना लय भिडस्त.

कमळ : पाव्हणा! माझा जन्म या गावातला. मी शिकले, मास्तरीण झाले, तरी तुमच्या तोंडी ते पाव्हणेच. त्या फुटलेल्या बांधालासुद्धा तुम्ही नाव ठेवलंत, जावयाची खांड.

चांगदेव : मंग काय घरजावई म्हनायचं? तुझ्या आज्याला पोर एकच, ही सोनू. म्हनून पालीकडचा जावई आनून घरात ठेवला. पाव्हनं म्हनायचो, तो मान हुता पोरी.

कमळ : मानाने खांड बुजत नाही, मामा. राग मानू नका. गाव आला असता तर दोन-तीन ओहोट्यांचं काम होतं. दर उन्हाळ्यात ओटीवर बसून बाबा वाट बघायचे. मी सुट्टीत यायची, तेव्हा म्हणायचे, येतील गं, त्यांच्या सवडीनं येतील.

चांगदेव : वाट बघायचा? कुनाची?

कमळ : तुमची. गावाची.

चांगदेव : आमी त्याची बघत हुतो.

कमळ : म्हणजे?

चांगदेव : तू आपली पुस्तकात असायचीस, तुला कुठलं ठाव. ज्याच्या शेतासमोर खांड पडते, त्यानं पयली पाटी चिखल टाकायची. कुनाच्या दारी जायचं न्हाय, हात जोडायचं न्हाय. ओहोटीला मानूस एकटा खांडीत चिखल टाकताना दिसला, की बांधाकाठची सगळी घरं फावडी घेऊन निघतात. जो घरात बसंल, त्याला उद्या कोन विचारनार? आपल्या सदाच्या शेतासमोरची खांड अशीच बांधली.

कमळ : बाबांना हे माहीत नव्हतं?

चांगदेव : नसंल कसं? सदाच्या खांडीत कमरंइतक्या चिखलात माज्या शेजारी उभा हुता. हात चालायचा त्याचा.

कमळ : मग तुम्ही एकदा येऊन सांगायचं होतं. पाव्हणं, टाका पाटी, आम्ही आहोत.

चांगदेव : जावयाला? दुसऱ्याच्या कामाला तो आपनहून आला, ती गोष्ट येगळी. पन जावयाला चिखलात उतर म्हनून गावानं कसं सांगावं? लग्नात पाय धुतलेत त्याचे. आनि खरं बोलू का? कुजबूज हुती गावात. शेत त्याला आपलं वाटतच न्हाय. डोंगराकडचा मानूस, आज ना उद्या पालीला जाईल.

सोनूबाई : कुठं जानार हुते? पालीला त्यांचं कोन उरलं हुतं?

चांगदेव : आमाला काय ठाव, सोनू. बोलायचाच न्हाय तो.

सोनूबाई : माज्याशी बोलायचे. म्हनायचे, सासऱ्याच्या बांधावर मी पयली पाटी टाकली, तर लोकं म्हनतील, बघा, मालक झाला. गावातल्या कुनीतरी टाकू दे. दुसरी मी टाकतो.

चांगदेव : असं म्हनायचा?

सोनूबाई : दर वर्सी.

कमळ : आता बांधली तर धरेल का, मामा? का शेत गेलंच?

चांगदेव : पावसाआधी बांधली तर धरंल. दोन पावसाळं गोडं पानी बसलं, की जमीन येते सुधारून. पन या उधानाला खांड आनखी रुंदावली, तर मंग ती खाडीच.

कमळ : ओहोटी कधी आहे?

चांगदेव : लागलीच हाय. का?

कमळ : मी टाकली पाटी, तर लोक येतील? की म्हणतील, ही पेणची मास्तरीण कोण?

चांगदेव : तू गावची लेक. लेकीला कोन काय बोलतंय? जावयाला मान असतो, सुनेला लाज असते. लेक तिच्या बापाच्या बांधावर काय बी करंल.

कमळ : शाळेला उशीर होईल, तो होऊ दे. आई, फावडं कुठे असतं आपलं?

सोनूबाई : मागल्या पडवीत. मीबी येते.

(बांधावर. खाडी ओसरते आहे.)

कमळ : वाहून गेला सगळा चिखल.

चांगदेव : पयला जायचाच. पान्याला अजून ओढ हाय. दम खा जरा.

कमळ : कुणी येताना दिसत नाही.

चांगदेव : आत्ता तर टाकलीस. तिकडं अनंताच्या अंगनात बघ. मघापासनं हितंच बघतोय. आता आत गेला. बहुतेक फावड्याला.

सोनूबाई : चांगूदादा, मघाशी तू म्हनलास, लेकीला कोन बोलतंय.

चांगदेव : व्हय.

सोनूबाई : मीबी याच गावची लेक.

चांगदेव : सोनू, माज्या मनात तसं काय नव्हतं.

सोनूबाई : रोज हितनंच जायची मी, चिंबोऱ्या धरायला. पाटी तर डोक्यावरच असायची.

कमळ : आई, ऊन लागेल. बाजूला बस.

सोनूबाई : मला वाटायचं, मी टाकली तर त्यांना लाज वाटंल. बायकोनं टाकली म्हनून.

कमळ : वाटली असती.

सोनूबाई : किती दिवस टिकली असती गं?

कमळ : संध्याकाळपर्यंत, आई.