सातवं नाव

मधुवंती : बाबूजी, पुन्हा पाहा. हिशेब तुम्ही ठेवता, अन् पीएफच्या यादीत सहाच नावं आहेत. पगार आपण सात जणांना देतो.

गुलाबराव : पाहून राहिलो न मी.

मधुवंती : प्रफुलचं नाव नाही.

गुलाबराव : नाई चढवलं अजून.

मधुवंती : चौदा महिने झाले, तो इथं डिझाइन करून राहिला, अन् तुम्ही अजून म्हणता?

गुलाबराव : तो ट्रेनी होता न, बाई. मी मिलमधी तीस वर्सं काढले. पोरगं आधी ट्रेनी, मंग पक्कं, मंग सगळ्यायले पेढे. माह्या डोक्यात तेच बसलं. दिवाळीले पक्का करनार होतो त्याले, तवाच नाव देनार होतो.

मधुवंती : ही मिल नाही, बाबूजी. कोहक्यातला दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. आपण लग्नपत्रिका अन् दुकानांचे बोर्ड बनवतो. त्याच्या पगारातून कापलं होतं काही?

गुलाबराव : एक रुपया नाई. पूर्णा पगार देल्ला.

मधुवंती : त्यानं विचारलं नाही कधी?

गुलाबराव : इचारलं एकडाव. मी म्हटलं, तू कावून फिकर करतं, मी हाव न.

मधुवंती : काल चरोद्याजवळ ट्रकनं उडवलं त्याला. मशीनवर श्वास चालू आहे. त्याच्या बायकोचे, रोशनीचे, सकाळपासून तीन फोन आले. तिचा भाऊ म्हणतो, कमीजास्त झालं तर बायकोला पेन्शन लागते, पीएफचा नंबर मागून ठेव. मी तिन्ही वेळा खोटं बोलली. सर्वर डाउन आहे म्हटलं.

गुलाबराव : आज टाकून देऊ न नाव. आजच लागला कामाले, असं दाखवू. जिता हाय न तो अजून.

मधुवंती : आयसीयूत पडलेला माणूस आज नोकरीला लागला?

गुलाबराव : मले काई सुचून नाई राहिलं, मधू.

मधुवंती : वकिलाला विचारलं मी. खरी तारीख टाकली तर पेन्शन मागता येईल, पीएफचा विमाही मागता येईल. पण चौदा महिन्यांचे पैसे, व्याज, दंड आपल्यावर. चौकशी होईल ती वेगळीच.

गुलाबराव : सही माही हाय. मले नेऊ दे.

मधुवंती : मालक मी आहे. मला भीती वाटून राहिली, बाबूजी, सच में. स्टुडिओ राहतो का जातो, काही समजत नाही.

गुलाबराव : मंग?

मधुवंती : खरी तारीख टाका. रोशनीचाच फोन आहे. थांबा, उचलते.

(फोन स्पीकरवर.)

रोशनी : दीदी, सर्वर आलं का? नंबर भेटला?

मधुवंती : नंबर नाही, रोशनी. सर्वरचं मी खोटं बोलली. त्याचं नाव आम्ही चढवलंच नव्हतं. आता पहिल्या दिवसापासून भरून राहिलो. किती मिळेल, कधी मिळेल, मला सांगता येत नाही.

रोशनी : नावच नव्हतं?

गुलाबराव : माही चूक हाय, बेटा. मधूची नाई.

रोशनी : काकाजी, पोरीच्या नावानं विमा होता आमचा. होळीपासून त्यायनं हप्ता भरनं बंद केला. म्हने, आता काकाजी हायेत न.